मेळघाटातला वणवा

आज मेळघाटात वणवा विझवणारी माणसं जवळून पाहिली. अंगाची लाही करणारं ऊन, खाली सागाचा वाळलेला पाचोळा. ठिणगी पडली की आग धरते, आणि चढावर तर ती जास्तच वेगानं पळते. वनमजूर पाठीवरच्या ब्लोअरनं पाचोळा बाजूला उडवत तिची वाट तोडत होते, बाकीचे हिरव्या फांद्यांनी झोडपत होते. पाण्याचा टँकर त्या कड्यावर चढणार कसा! मोहफुलं वेचणं सोपं जावं म्हणून झाडाखाली लावलेली आगही अशीच हाताबाहेर जाते. या माणसांना चांगले बूट, पुरेसं पाणी, विमा मिळायलाच हवा. जंगलात धूर दिसला तर आत शिरू नका, वन विभागाच्या १९२६ या नंबरवर लगेच कळवा.