वजनकाट्याआधी टेप काढा

"तसं वजन फार नाही हो, फक्त पोट सुटलंय." घरोघरी ऐकू येणारं वाक्य. पण सगळी गोम त्या पोटातच आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! अंगाने बेताची दिसणारी आपली माणसं आतून अशी असतात. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. उंची १६५ सेंमी असेल तर हे आकडे साधारण ६३ आणि ६८ किलोवर येतात.

कंबर मोजायला शिंप्याची टेप पुरते. पँटचा नंबर धरू नका. पँट पोटाच्या खाली बांधली जाते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, कपड्यावरून नाही तर अंगावर टेप गुंडाळा. पाठीमागे ती खाली घसरलेली नाही ना, हे आरशात बघा. पोट आत न ओढता नेहमीसारखा श्वास सोडा आणि मग आकडा वाचा. पुरुषांमध्ये ९० सेंमी आणि बायकांमध्ये ८० सेंमीच्या पुढे गेला तर साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासून घ्यायलाच हवं. पोटाच्या आतली चरबी रक्तावाटे थेट यकृताकडे जाते. तिथे ती साठते, इन्सुलिनचं काम अडतं आणि साखर वाढू लागते. मोठ्याने घोरणं आणि दिवसा डुलक्या येणं ही जोडी दिसली तर तेही डॉक्टरांना सांगा. झोपेत श्वास अडकत असण्याची शक्यता असते.

यासाठी वीस किलो उतरवायची गरज नसते. ८० किलोच्या माणसाचे ४ ते ८ किलो गेले तरी साखर आणि रक्तदाबात फरक दिसतो. आठवड्याला अर्धा किलो हा वेग उत्तम, एक किलो म्हणजे डोक्यावरून पाणी. 'दहा दिवसांत पाच किलो'वाल्या जाहिरातींत सुरुवातीला उतरतं ते बरंचसं पाणीच. पुढे स्नायूही झिजतात, आणि फार झपाट्याने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

स्वयंपाकघरात पहिला हात तेलाला घाला. एक चमचा तेल म्हणजे ५ मिली, सुमारे ४५ कॅलरी. कढईत पिशवी तिरकी करून ओतलं की किती पडलं ते कळतच नाही. १ तारखेला माणशी अर्धा लिटर तेल वेगळ्या बरणीत काढा आणि ती कधी संपते ते बघा. २० तारखेलाच तळ दिसला तर उत्तर मिळालं. तीच गोष्ट चहाची: दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे रोज दीडशेच्या वर कॅलरी.

पोळी सोडून भाकरी धरली की वजन उतरतं, हा लाडका गैरसमज. पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते, चांगल्या थापलेल्या भाकरीला ७०-८० ग्रॅम पीठ सहज जातं. भाकरी चांगलीच, पण दोन पोळ्यांच्या जागी एक. उपवासाचं तर विचारूच नका: साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, वर दाण्याचं कूट, तूप, बटाटा. एकादशी दुप्पट खाशी.

कमी करायची नाहीत ती प्रथिनं. पातळ वरणाने भागत नाही. ३० ग्रॅम कोरड्या डाळीत जेमतेम ७ ग्रॅम असतात. ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ६० ग्रॅम धरा आणि मटकीची उसळ, दही, अंडी, मासे असं दोन्ही जेवणांत वाटून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी विचारा.

आठवड्याला १५० मिनिटं झपझप चाला, पण त्याच्या भरवशावर खाऊ नका. एका वडापावाचा हिशेब फेडायला तासभर चालावं लागतं. आठवड्यातून दोनदा उठाबशा, भिंतीवरचे जोर असं काहीतरी ताकदीचं करा, म्हणजे स्नायू टिकतात.

वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर करा. पाळीच्या आधी एखाद-दोन किलो वाढलेलं दिसतं, ते पाणी असतं. दोन-तीन महिन्यांनी काटा अडतो, कारण हलक्या झालेल्या शरीराला कमी खाणं पुरतं. तेव्हा उपाशी राहू नका, तेलाची बरणी पुन्हा तपासा.

मधुमेहाची औषधं चालू असतील तर मात्र डॉक्टरांना सांगूनच खाणं कमी करा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडचा डोस तसाच राहिला आणि जेवण अर्धं झालं, तर साखर एकदम खाली येते. हात थरथरले, दरदरून घाम सुटला तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. आणि काहीच न करता सहा महिन्यांत ८० चे ७६ झाले असतील तर पेढे वाटू नका, तपासण्या करून घ्या.