ग्लँड टपकू द्या

मे महिन्यात सकाळी साडेसहाला हिंगणा एमआयडीसीतून फोन आला. "भाऊ, पंपातून धूर निघून राह्यला."

कूलिंग टॉवरचा पंप होता, ४० एचपी, १४५० आरपीएम. पोचलो तेव्हा बंदच होता, पण शाफ्टभोवती पाणी अडवायला भरतात त्या दोरीचा जळका वास शेडभर. ऑपरेटर पोरगा मान खाली घालून उभा. दोन दिवसांनी ऑडिट, म्हणून साहेबांनी सांगितलं होतं, फरशीवर थेंब दिसायला नको. त्यानं ग्लँडचे, म्हणजे ही दोरी दाबून धरणाऱ्या झाकणाचे, दोन्ही नट पान्यानं आवळले, पार कोरडं होईपर्यंत.

आता दोरीला थंडावा द्यायचं आणि वंगणाचं काम त्या टपकणाऱ्या पाण्याचंच असतं. तेच तोडलं तर शाफ्टवर ब्रेक लावून मोटर चालवल्यासारखं. उन्हाळ्यात नागपूरच्या प्रत्येक घरी कूलर टपकतो, त्याला कोणी काही म्हणत नाही. पंप टपकला की लगेच बोंब!

फ्यूज काढून खिशात टाकले (ही सवय उस्तादांची) आणि दोरी ओढायला घेतली. बाहेरच्या तीन रिंगा कोळसा. त्यामागची चौथी बरी, अन् लँटर्न रिंगच्या (दोरीच्या मधोमध बसणारं, तिला पाणी पोचवणारं भोकांचं कडं) आतली एकच रिंग जवळपास नवी. एकच? असायला हव्या होत्या आत दोन, बाहेर तीन. कोणीतरी आत एक, बाहेर चार भरल्या होत्या. त्यामुळे लँटर्न रिंग आत सरकली आणि फ्लशिंगच्या पाण्याचं भोक दोरीखाली बंद झालं. म्हणजे पोरानं आवळायच्या आधीपासूनच दोरी अर्धी उपाशी होती.

शाफ्टवर चढवलेल्या स्लीव्हवर, म्हणजे दोरी घासते त्या नळीवर, नख फिरवलं तर अडकत होतं. अशा स्लीव्हवर नवी दोरी घालणं म्हणजे पैसे नाल्यात. स्टोअरमध्ये दोरी होती दोन किलो, स्लीव्ह एकही नाही. मग वाडीच्या लेथवाल्याकडून दुपारपर्यंत करून आणली.

दोरी त्याच मापाच्या पाइपवर गुंडाळून तिरपी कापली, प्रत्येक रिंगचा जोड आधीच्यापासून ९० अंशांवर. लँटर्न रिंग भोकाच्या किंचित बाहेर ठेवली, कारण आवळताना ती आत सरकतेच. नट फक्त बोटांनी लावले आणि पंप सुरू केला. आधी भरपूर गळू दिलं. मग दोन्ही नट सारखे, दर वेळी सहावा हिस्सा फेरा, दहा मिनिटं थांबायचं. घड्याळ लावून मिनिटाला पन्नासेक थेंबांवर सोडलं.

"अजून टपकतंच आहे की," साहेब म्हणाले.

तेवढ्यात मला ग्लँडचं पाणी वाहून नेणारं, ब्रॅकेटखालचं ड्रेनचं भोक दिसलं. गाळानं गच्च. सायकलच्या स्पोकनं मोकळं केलं, तर साचलेलं पाणी भसकन पाइपातून नालीत गेलं. फरशी ओली होत होती ती यामुळे.

निघताना ऑपरेटरनं ग्लँडचा पाना गुपचूप माझ्याच पिशवीत टाकला.