बॅन्फ की यलोस्टोन: पैसा नेमका कुठे जातो

कॅनडातलं बॅन्फ आणि अमेरिकेतलं यलोस्टोन या दोन राष्ट्रीय उद्यानांची तुलना करताना बहुतेक जण एका रात्रीचं हॉटेलभाडं शेजारी-शेजारी मांडतात. त्यात बॅन्फ महाग दिसतं आणि विषय तिथेच संपतो. पण या दोन उद्यानांत पैसा वेगवेगळ्या वाटांनी खर्च होतो. बॅन्फमध्ये तो खोलीवर जातो. यलोस्टोनमध्ये तो अंतरावर जातो, आणि २०२६ पासून परदेशी पाहुण्यांना गेटवरही बराच मोजावा लागतो.

सुरुवात चलनापासून करू, कारण घोळ इथेच होतो. दोन्हीकडे ‘डॉलर’ लिहिलेलं असतं, पण कॅनडाचा डॉलर अमेरिकेच्या डॉलरच्या साधारण ७० ते ७५ सेंट इतकाच असतो. बॅन्फमधली ४५० डॉलरची खोली म्हणजे अमेरिकेच्या हिशोबाने सव्वातीनशे डॉलरच्या आसपास. बुकिंगच्या साइटवर चलन आधी एकच करून घ्या आणि मगच आकडे बघा. खाली कॅनडाचे डॉलर ‘कॅनेडियन’ म्हणूनच लिहिले आहेत.

आता गेट. बॅन्फमध्ये २०२५ चा दर प्रौढाला दिवसाला ११ कॅनेडियन डॉलर, एका गाडीतल्या सात जणांपर्यंतच्या गटाला २२, आणि १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना काहीच नाही. दिवसाचा पास दुसऱ्या दिवशी दुपारी ४ पर्यंत चालतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. वर्षभराचा डिस्कव्हरी पास गटासाठी १५१.२५ कॅनेडियन, म्हणजे मुक्काम सात दिवसांपेक्षा कमी असेल आणि कॅनडातली दुसरी उद्यानं बघायची नसतील तर तो घेऊ नका. पास घेण्याआधी पार्क्स कॅनडाच्या, म्हणजे ही उद्यानं चालवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, सवलतीही बघा. २०२५ मध्ये २० जून ते २ सप्टेंबर प्रवेश सगळ्यांना मोफत होता. ट्रान्स-कॅनडा हायवेवरून न थांबता पुढे जाणाऱ्याला पास लागत नाही, मात्र जॅस्पर गावाकडे जाणाऱ्या आइसफील्ड्स पार्कवेवर तो लागतोच.

यलोस्टोनला खासगी गाडीमागे ३५ डॉलर, सात दिवसांसाठी. दक्षिणेला लागूनच असलेल्या ग्रँड टीटन उद्यानाचे ३५ वेगळे. इथपर्यंत स्वस्तच. पण १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षांवरच्या प्रत्येकाला अकरा गर्दीच्या उद्यानांत नेहमीच्या शुल्कावर आणखी १०० डॉलर भरावे लागतात, आणि यलोस्टोन व ग्रँड टीटन ही दोन्ही त्या यादीत आहेत. याला पर्याय म्हणजे परदेशी पाहुण्यांचा २५० डॉलरचा वार्षिक पास. एकटा माणूस फक्त यलोस्टोनला जाणार असेल तर १३५ डॉलरमध्ये भागतं. तोच टीटनलाही गेला तर २७०, म्हणजे पास स्वस्त. दोघे जण दोन्ही उद्यानं करणार असतील तर पासशिवाय ४७० होतात, तिथे विचार करायलाच नको. अमेरिकेत राहणाऱ्यांचा वार्षिक पास ८० डॉलरचाच आहे, पण त्यासाठी तिथलं सरकारी फोटो ओळखपत्र दाखवावं लागतं. हा एकच नियम पूर्वीच्या बऱ्याच तुलना निकालात काढतो, म्हणून २०२५ किंवा त्याआधीचे लेख वाचून बजेट ठरवू नका.

खोलीच्या बाबतीत बॅन्फची गोष्ट मुळातच वेगळी आहे. ते गाव उद्यानाच्या आत आहे. तिथे कायमचं राहायचं तर तिथे नोकरी-धंदा असल्याचं सबळ कारण लागतं, आणि गावाला हद्दीबाहेर वाढता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये खोल्या तेवढ्याच आणि मागणी मात्र कितीतरी पट, त्यामुळे मध्यम हॉटेलही रात्रीला ४०० ते ६०० कॅनेडियनवर जातं. यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे २५ किलोमीटरवरचं कॅनमोर. ते उद्यानाच्या हद्दीबाहेर असल्यामुळे तिथे स्वयंपाकघर असलेले अपार्टमेंट मिळतात, आणि रोम ट्रान्झिटची बस दोन्ही गावं जोडते. चार जणांच्या कुटुंबाला कॅनमोर जवळजवळ नेहमीच परवडतं. दोघंच असाल आणि गाडी नसेल तर मात्र बॅन्फमध्येच राहा, नाहीतर वाचवलेले पैसे रोजच्या दोन बस बदलण्यात आणि वेळेत जातात.

यलोस्टोनच्या आतल्या लॉजमध्ये खोली मिळाली तर दर बाहेरच्या मोटेलपेक्षा फार वेगळे नसतात. मिळणं हेच अवघड. दर महिन्याच्या ५ तारखेला पुढच्या वर्षीच्या त्याच महिन्याचं बुकिंग उघडतं: २०२७ च्या जुलैसाठी ५ जुलै २०२६. ते हुकलं तरी आशा सोडू नका, रद्द झालेल्या खोल्या सतत परत येत असतात, रोज सकाळ-संध्याकाळ बघत राहावं. या खोल्यांत टीव्ही, एसी आणि बऱ्याचदा फ्रीजही नसतो, आणि खोलीत स्टोव्ह पेटवायला बंदी आहे. स्वतः शिजवून पैसे वाचवायचे असतील तर लॉज उपयोगाचा नाही.

बाहेर राहायचं तर कुठल्या गेटला, हा प्रश्न भाड्यापेक्षा मोठा. वेस्ट यलोस्टोन हे गाव पश्चिमेच्या गेटला अगदी चिकटून आहे, ओल्ड फेथफुल हा गरम पाण्याचा प्रसिद्ध फवारा तिथून ४८ किलोमीटर. गार्डिनर उत्तरेच्या गेटवर. कोडी मात्र पूर्वेच्या गेटपासून ८० किलोमीटरहून जास्त दूर आहे, आणि जॅक्सनपासून दक्षिणेचं गेट सुमारे ९० किलोमीटर. कोडीत खोलीमागे ७० डॉलर वाचले म्हणून बुकिंग करणारे रोज तीन तास गाडीत घालवतात. उद्यानाच्या आतल्या इंग्रजी आठच्या आकाराच्या ग्रँड लूपची लांबीच २२९ किलोमीटर, वेगमर्यादा ताशी ७२, आणि गवे रस्त्यात उभे राहिले की तीही कागदावरच. म्हणून यलोस्टोनला मुक्काम दोन ठिकाणी वाटलेला बरा, दोन रात्री उत्तरेला आणि तीन पश्चिमेला किंवा आत.

गाडीशिवाय यलोस्टोन होत नाही, आत सार्वजनिक बसच नाही. सर्रास वापरला जाणारा विमानतळ बोझमन, वेस्ट यलोस्टोनपासून सुमारे १४५ किलोमीटर. उन्हाळ्यात तिथे गाड्यांचं भाडं भडकतं, म्हणून सॉल्ट लेक सिटीला उतरायचा सल्ला सर्रास दिला जातो. हिशोब असा: जाऊन-येऊन सुमारे १,०३० किलोमीटर, म्हणजे बेताच्या गाडीला २१-२२ गॅलन पेट्रोल. गॅलनला साडेतीन डॉलर धरले तर ७५ डॉलर. खरा खर्च तो नाही. एकेका बाजूला पाच तास जातात, आणि विमान संध्याकाळी उतरलं तर वाटेत एक रात्र वाढते. तिकीट आणि गाडी मिळून ३०० डॉलरहून जास्त वाचत असतील तरच सॉल्ट लेक सिटी. गाडी परत दुसऱ्या शहरात सोडायची असेल तर त्याचं वेगळं शुल्क आधी तपासा, ते कधी कधी गाडीच्या भाड्याएवढंच असतं.

बॅन्फला गाडी ऐच्छिक आहे, आणि इथे बॅन्फ बाजी मारतं. कॅलगरी विमानतळावरून थेट बस आहे, प्रवास दोन तासांचा. मोरेन लेक या प्रसिद्ध सरोवराला २०२३ पासून खासगी गाड्यांना बंदीच आहे, त्यामुळे गाडी असली तरी शटल घ्यावीच लागते: २०२५ मध्ये प्रौढाला जाऊन-येऊन ८ कॅनेडियन, वर ३ बुकिंगचे. काही जागा एप्रिलमध्ये उघडतात, उरलेल्या प्रवासाच्या दोन दिवस आधी सकाळी ८ वाजता, तिथल्या घड्याळाप्रमाणे. त्याच तिकिटावर लेक लुईस आणि मोरेन लेक यांच्यामधली बसही मिळते. उलट गाडी लेक लुईसच्या काठावर लावायची तर २०२४ मध्येच दिवसाला ३६.७५ कॅनेडियन पडत होते, आणि सकाळी सातनंतर जागा मिळेलच असं नाही. आइसफील्ड्स पार्कवेने जॅस्परपर्यंत जायचं असेल तरच दोन दिवस गाडी घ्या. टाकी लेक लुईस गावात भरा, मध्ये फक्त सॅस्कॅचवान क्रॉसिंगला पंप आहे, महागडा आणि हंगामापुरता. जॅस्परमध्ये जुलै २०२४ च्या वणव्यात गावाचा सुमारे तिसरा हिस्सा जळाला, तेव्हा तिथल्या खोल्या गृहीत धरू नका.

एक हिशोब मांडून बघू. जुलै, दोन परदेशी प्रौढ, पाच रात्री, जेवण आणि विमान सोडून. दर मी धरलेले आहेत, तुमचे घालून बघा. बॅन्फ: खोली ४५० दराने करांसह २,५००, प्रवेश ११०, विमानतळाची बस ३००, शटल आणि स्थानिक बस ८०, गोंडोला (डोंगरावर नेणारा रोपवे) १४०. एकूण ३,१३० कॅनेडियन, म्हणजे ७२ सेंटच्या दराने सुमारे २,२५० अमेरिकन डॉलर. यलोस्टोन: खोली ३०० दराने करांसह १,६८०, सहा दिवसांची गाडी ५४०, पेट्रोल १००, पास २५०. एकूण २,५७०. म्हणजे ‘महाग’ बॅन्फ तीनशेने स्वस्त निघालं. आता एकाच खोलीत चार प्रौढ घाला. यलोस्टोनचा आकडा हलत नाही. बॅन्फला बसऐवजी गाडी घेणं शहाणपणाचं, आणि गोंडोलाची तिकिटं दुप्पट होतात, तेव्हा तेही अडीच हजारांच्या वर जातं. दोन्ही बरोबरीत. अमेरिकेतच राहणाऱ्या चौघांना मात्र यलोस्टोन स्वस्त.

गोंडोला टाळला तर? बॅन्फमध्ये अशा विकतच्या गोष्टी बऱ्याच आहेत. लेक लुईसवरची कनू (वल्ह्याची छोटी होडी) तासाला शंभर कॅनेडियनच्या वर जाते, माझ्या मते तो खर्च फोटोसाठीचाच. काठाकाठाने चालायला पैसे पडत नाहीत. यलोस्टोनमध्ये गीझर (जमिनीतून उसळणारे गरम पाण्याचे फवारे), दऱ्या, लामार खोऱ्यातले लांडगे हे सगळं प्रवेशातच आलं.

ऑफ सीझनच्या स्वस्ताईला दोन्हीकडे अटी आहेत. बॅन्फ एप्रिल-मेमध्ये निम्म्या दरात मिळू शकतं, पण लेक लुईस मेअखेरपर्यंत गोठलेलं असतं आणि मोरेन लेकचा रस्ता जूनच्या सुरुवातीला उघडतो. निळं पाणी बघायचं असेल तर ती बचत वाया. यलोस्टोनचे आतले रस्ते एप्रिलच्या तिसऱ्या शुक्रवारपासून टप्प्याटप्प्याने उघडतात. हिवाळ्यात उत्तरेचा गार्डिनर ते कुक सिटी रस्ता तेवढा साध्या गाडीसाठी चालू राहतो. ओल्ड फेथफुलला जायला बर्फावरची गाडी लागते आणि तिचं तिकीट माणशी असतं. बॅन्फला हिवाळ्यात गाडी घेणार असाल तर आइसफील्ड्स पार्कवेवर १ नोव्हेंबर ते १ एप्रिल बर्फाचे टायर सक्तीचे आहेत, बुकिंग करतानाच ते मागून घ्या.

कॅम्पिंग दोन्हीकडे सर्वांत स्वस्त, पण यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिज कॅम्पग्राउंडला अस्वलांमुळे कापडी तंबू आणि कापडी बाजूंचे कॅम्पर चालत नाहीत. लेक लुईसला अशा तंबूंसाठी विजेच्या कुंपणाचा वेगळा भाग आहे. अस्वलांना दूर ठेवणारा स्प्रे विमानात कुठल्याच सामानातून नेता येत नाही, तिथेच घ्यावा लागतो. नवा डबा पन्नास डॉलरच्या आसपास, त्यामुळे चार-पाच दिवसांसाठी तो भाड्याने मिळतो का ते आधी विचारा.