खरं...

परवा बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला अडकलो, लांबलचक मालगाडी होती, स्कूटर बंद करून निवांत उभा राहिलो नी तिथंच तात्याची गोष्ट सुचली. सुचली कसली म्हणा, घरातलंच सगळं. पोरगा पुण्यात, वर्षभर मागं लागलाय, घर विका नी इकडं या. मी दर रविवारी फोनवर "बघू की" म्हणतो. बघत काहीच नाही.

मग म्हटलं हे लचांड तात्याच्या गळ्यात घालू. कुंद्याचे दोन डबे देऊन त्याला पुण्याच्या गाडीत बसवला. पहिल्याच दिवशी घोळ. आपल्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात हे पुण्याला कुठं ठाऊक! तात्या म्हणतो, "फ्लॅट झ्याक हाय, खरं..." शेजारचे काका खूश, "खरंच छान आहे हो!" तात्या म्हणतो, "राहायला येतो, खरं..." काका म्हणतात, "खरंच ना? मग सेक्रेटरींना सांगून टाकतो." असं करत नको नको म्हणणारा तात्या तीन दिवसांत सोसायटीचा मेंबर. पत्त्याचा पुरावा मागितला तर आधारवर बेळगावी नी तात्याच्या तोंडात बेळगाव (२०१४ ला नाव बदलल्यापासनं आमचं सगळ्यांचंच हे चाललंय), शेवटी लाईट बिल दिलं, ते कन्नडात. सेक्रेटरीनं उलटं धरून पाच मिनिटं वाचलं नी सगळं बरोबर आहे म्हणून सही केली. लिहिताना मी एकटाच खिदळत होतो.

गंभीर लिहायला बसलो असतो तर 'मुळं', 'माती' असले शब्द आले असते नी दुसऱ्या पानावर मलाच माझी दया आली असती. पुलंचे रावसाहेब आमच्याच गावचे, माया करायची ती पण शिवीतनं, तेव्हा रडगाणं इथं तसंही खपत नाही.

हिला वाचून दाखवलं. लाईट बिलापर्यंत डोळ्यातनं पाणी येईस्तोवर हसली, नी मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "चांगलं झालंय, खरं तात्याच्या 'खरं'च्या पुढं काय ओ? नुसती टिंबं टाकलासा की."

बघितलं तर होय की. सात ठिकाणी खरं, सात ठिकाणी टिंबं.

रात्री ती भरायला बसलो. खरं परसातल्या फणसाला पाणी कोण घालणार? खोडलं, फणसाला मी कधी पाणी घातलेलं नाही. खरं तिथं मांडे कुठं मिळणार? मांडे मी वर्षातनं एकदा खातो, तेही कुणाच्या लग्नात. अशी पाच-सहा खोडली, नी मग सहज हातातनं उतरलं, "राहायला येतो, खरं तिथं टीव्हीचा रिमोट मागून घ्यायला लागंल." यावर हसायला आलं नाही. खोडलंही नाही.

रविवारी फोन आला. नेहमीचं झालं, जेवलासा काय, पाऊस हाय काय, नी मग घराचा विषय. मी म्हटलं, "येऊ की रे, खरं..."

पोरगा वाढलाय शेवटी इथंच. म्हणाला, "खरं काय बाबा?"

हिनं टीव्हीचा आवाज बंद केला नी माझ्याकडं बघत बसली.