पुणे ते सावंतवाडी आंबोलीमार्गे: नवी बीएमडब्ल्यू एम३४०आय, मागच्या सीटवर आई-बाबा

गाडीचे २,००० किलोमीटर पूर्ण होईपर्यंत मी लांबचा प्रवास मुद्दाम टाळला. बीएमडब्ल्यूच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की पेट्रोल गाडीचं इंजिन तोवर ४,५०० आरपीएमच्या वर न्यायचं नाही आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा नाही. ते तंतोतंत पाळलं. पुण्यातल्या रोजच्या फेऱ्यांत डिसेंबरच्या सुरुवातीला तो आकडा ओलांडला आणि पुढच्याच शनिवारी पहाटे सव्वापाचला आम्ही चौघं मामाकडे सावंतवाडीला निघालो. पुढे मी आणि बायको, मागे आई-बाबा. आई ७१ वर्षांची, गुडघे दुखरे. अंतर साधारण पावणेचारशे किलोमीटर.

गाडी घेण्याआधी मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचलं आणि पाहिलं होतं. सगळं चालवणाऱ्याच्या सीटवरून सांगितलेलं. मागे बसून कोणी पावणेचारशे किलोमीटर गेलंय आणि उतरल्यावर कंबर कशी होती हे सांगितलंय, असं काही मला सापडलं नाही. म्हणून हा वृत्तांत.

आधी गाडीबद्दल थोडक्यात. तीन लिटरचं, एका ओळीत सहा सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ३७४ अश्वशक्ती, ५०० न्यूटन मीटर टॉर्क, आठ गिअरचा ऑटोमॅटिक, ताकद चारही चाकांना. शून्यापासून शंभर साडेचार सेकंदांच्या आसपास. जोडणी चेन्नईच्या कारखान्यात होते, म्हणून पूर्ण आयात होणाऱ्या मर्सिडीजच्या एएमजी सी४३ पेक्षा ती बरीच स्वस्त पडते. आणि सी४३ मध्ये चारच सिलिंडर आहेत. सहा सिलिंडर एका ओळीत असले की इंजिनाचे हादरे एकमेकांना जागच्या जागी काटतात. म्हणूनच सिग्नलला उभं असताना स्टिअरिंगवर हात ठेवला तरी इंजिन चालू असल्याचं जाणवत नाही. कागदावरच्या आकड्यांपेक्षा या मऊपणासाठी मी पैसे मोजले, आणि त्याबद्दल मला अजूनही बरंच वाटतं.

खंबाटकी घाटात उजाडलं. उसाचे ट्रॅक्टर आणि बोजाचे ट्रक एकामागोमाग एक रांगत होते. इथे या गाडीचा खरा फायदा कळला. मोकळी जागा दिसली, पाय जेमतेम बोटभर दाबला, की ट्रक मागे पडलेला असतो. इंजिन ओरडत नाही, मागच्या माणसाला हिसका बसत नाही. आधीच्या चार सिलिंडरच्या गाडीत ओव्हरटेक म्हणजे हिशेब करून घ्यायची जोखीम होती. इथे ट्रकच्या शेजारी कमी वेळ राहावं लागतं आणि मला ही सुरक्षिततेची गोष्ट वाटते. पण मागे म्हातारी माणसं असतील तर मोड कम्फर्टवरच ठेवा. स्पोर्टला टाकल्यावर पाय जरा कमी-जास्त झाला की आईची मान हलते, हे मी आरशात पाहिलं आणि लगेच परत आलो.

सातारा ते कागल सहापदरीकरणाची कामं चालू होती. वळणरस्त्यावर जुन्या आणि नव्या डांबराच्या मधे चार-चार बोटांची पायरी होती. १९ इंची चाकं, टायरची कड पातळ. अशी पायरी तिरकी किंवा वेगात घेतली तर टायर आतून फाटून फुगा येतो, म्हणून वेग २० वर आणायचा आणि शक्य तितकं सरळ चढायचं. निघण्याआधी हवा नीट भरून घ्या. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या लेबलवर भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे दिलेले असतात. पंपावरचा मुलगा सवयीने चारही चाकांत सारखीच हवा भरतो, त्याला थांबवून आकडा सांगावा लागतो.

कऱ्हाडच्या पुढे आई पहिल्यांदा बोलली, "अरे, ही गाडी मला रस्ता वाचून दाखवतेय." अगदी बरोबर बोलली. चांगल्या डांबरावर बसकण घट्ट आणि छान, पण सिमेंटचे सांधे, पुलांचे जोड, भरलेले खड्डे सगळे कमरेपर्यंत पोचतात. चालवणाऱ्याला तो रस्त्याशी संवाद वाटतो. मागे बसलेल्याला तो निव्वळ धक्का आहे.

त्याहून मोठा प्रश्न मागच्या सीटच्या उंचीचा निघाला. बैठक खाली आहे, त्यामुळे गुडघे वर राहतात आणि मांडीला आधार मिळत नाही. कोल्हापूरला मिसळीसाठी थांबलो तेव्हा आईला उठायला माझा हात लागला. बायकोने तिथे डिकीतली गोधडी काढली, तिची चौपदरी घडी केली आणि सीटवर मागच्यापेक्षा पुढच्या कडेला थोडी जाड अशी घातली. बैठक चार बोटं वर आली, मांडी टेकली. पुढच्या दीडशे किलोमीटरमध्ये आईने एकदाही कूस बदलली नाही. उतरण्याचीही एक रीत बसली: आधी वळून दोन्ही पाय बाहेर, मग दाराची चौकट धरायची, डोकं खाली घ्यायचं, मग उठायचं. एक पाय आत ठेवून उठायला गेलं की गुडघ्यावर सगळा भार येतो. मागे तिसरा माणूस मात्र बसवू नका. मधला उंचवटा एवढा आहे की पाय ठेवायला जागाच उरत नाही.

निपाणीला महामार्ग सोडून उत्तूर–आजऱ्याचा रस्ता धरला. रस्ता सुरेख, दोन्ही बाजूंना ऊस, मग काजू. पण गावागावांत गतिरोधक, बरेचसे रंग उडालेले. एका गावात तर ओट्यासारखा उंच होता. मी थांबलो, बाबा आणि बायको उतरले, आईला बसू दिलं आणि गाडी तिरकी करून एकेक चाक चढवलं. तरी मधे खालून घासल्याचा आवाज आलाच. बाबा रस्त्यावर चक्क आडवे होऊन बघत होते. "पत्रा नाही, खालचं प्लॅस्टिक लागलं," म्हणाले. चौघं आणि सामान असताना गाडी आणखी खाली बसते, हे गृहीत धरा. या पट्ट्यात दिवसाउजेडीच जा. रात्री असे गतिरोधक दिसणार नाहीत.

आंबोलीत डिसेंबरात पावसाळ्यासारखी गर्दी नसते. हिरण्यकेशीला थांबा, उगमापर्यंतची वाट सोपी आहे, आई हळूहळू चालत गेली. तिथून घाट उतरताना स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर दुसरा-तिसरा धरून ठेवावा. वेग इंजिन सांभाळतं, ब्रेक तापत नाहीत, आणि वारंवार ब्रेक न लागल्यामुळे मागच्यांना मळमळत नाही.

घाटातच एक गोष्ट खटकली. एसीच्या पंख्याचा वेग कमी करायला पडद्यावर जावं लागतं. तापमान खालच्या पट्टीवर कायम दिसतं, पंख्यासाठी मात्र एक पान उघडा, मग बोट टेकवा. वळणावर हे करूच नये. बोलून सांगण्याची सोय आहे किंवा शेजारच्याला सांगा. आधीच्या गाडीतली फिरवायची गोल बटणं हात न बघता शोधायचा, त्यांची उणीव मला रोज भासते.

दुपारी दोनच्या सुमाराला मोती तलावाच्या काठाने मामाकडे पोचलो. दुसऱ्या दिवशी चितार आळीत लाकडी खेळणी घेतली. डिकीला ४८० लिटर जागा सांगितली आहे आणि चौघांच्या बॅगा, खेळणी, येताना आजऱ्याचा घनसाळ तांदूळ असं सगळं बसलं.

पेट्रोल: जाऊन-येऊन लिटरला ११ च्या थोडं वर मिळालं, फक्त घाट चढताना सात-आठ. टाकी ५९ लिटरची आहे, पण किती ऑक्टेनचं पेट्रोल चालेल ते झाकणाच्या आतल्या लेबलवर बघा. आजरा–आंबोली भागात ९५ ऑक्टेनचं मिळेल यावर अवलंबून राहू नका, कोल्हापुरातच टाकी भरून घ्या. गोव्यात शिरणार असाल तर परतीचं पेट्रोल तिकडे, स्वस्त पडतं.

किमतीबद्दल विचारणाऱ्यांसाठी. २०२२ च्या डिसेंबरात ही ६९.२० लाखांना आली होती, एक्स-शोरूम. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या सेडानवरचा २८ टक्के जीएसटी आणि २० टक्के उपकर जाऊन सरसकट ४० टक्के झाले, तो दिलासा आहे. पण महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के रस्ता कर आहे आणि कंपनीच्या नावावर २० टक्के. सत्तर लाखांवर हा फरक जवळपास पाच लाखांचा होतो. गाडी कंपनीच्या नावावर घ्या म्हणून सीएंनी घसाऱ्याच्या करसवलतीचा हिशेब दिला तर त्यात हाही आकडा घालून बघा.

घरातली ज्येष्ठ माणसं रोज मागे बसणार असतील तर बीएमडब्ल्यूचीच लांब ३३०एलआय बघा, असं मी मनापासून सांगेन. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ११० मिलिमीटरने जास्त आहे आणि त्याचा फायदा मागच्यांच्या पायांना मिळतो. एम३४०आय ज्याला स्वतः चालवायची आहे आणि जो महिन्यातून एखाद्या वेळीच मागे माणसं बसवतो, त्याच्यासाठी आहे. मी दुसऱ्या प्रकारातला, म्हणून मला पश्चात्ताप नाही.

परतीला आईला पुढे बसवलं. पुढची सीट उंच करता येते, मांडीखालचा भाग पुढे ओढता येतो. आंबोलीचा घाट चढताना ती दरीकडे बघत होती आणि कऱ्हाडपर्यंत धक्क्यांचं नावही काढलं नाही. मागे बायको गोधडीवर. खंबाटकीच्या अलीकडे ती म्हणाली, "आता माझी कंबर भरून आलीय."

मेव्हण्याला हीच गाडी घ्यायची आहे. त्याने शोरूमकडे वीस मिनिटांऐवजी दोन तास मागितलेत, आणि खराब रस्त्यावरून नेणार हेही आधीच सांगून ठेवलंय. येत्या रविवारी सासरे मागे बसणार आहेत. जाताना गोधडी द्यायची नाही, परतताना द्यायची, असं ठरलंय, म्हणजे फरक त्यांना स्वतःला कळेल.