आईची किडनी खराब नव्हती हो

आईने दादाला स्वतःची एक किडनी दिली, आणि आमच्या नात्यातल्या निम्म्या लोकांचं ठरलंय की ती त्याला सूट झाली नाही. आत्या तर कळव्याहून खास भेटायला आली आणि आईसमोरच म्हणाली, वहिनी तुमचंही वय झालेलंच ना, तरुण कोणीतरी बघायला हवं होतं. आई काही बोलली नाही, पोहे वाढत राहिली. पण तेव्हापासून मध्येच कधीतरी विचारते, माझीच कमी पडली का गं? आता प्रत्येकाला फोनवर समजावून माझा घसा बसलाय म्हणून इथे लिहितेय.

दादाला एफएसजीएस (फोकल सेगमेंटल ग्लोमेरुलोस्क्लेरोसिस) नावाचा किडनीचा आजार आहे. किडनीत लाखो बारीक गाळण्या असतात, त्यातल्या काहींवर व्रण पडत जातात आणि रक्तातलं प्रोटीन लघवीवाटे जायला लागतं. अंगावर सूज, लघवीला फेस. स्टिरॉइड झाले, इतर औषधं झाली, शेवटी डायलिसिस. ते सगळं परत लिहीत बसत नाही, ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहितीये.

मग ट्रान्सप्लांट झालं, मस्त झालं, क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी नीट चालली की कमी होतो) खाली आलं, आम्ही वर्तकनगरभर पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. आणि थोड्याच दिवसात रिपोर्टमध्ये लघवीतलं प्रोटीन वाढलेलं. नातेवाईकांनी लगेच रिजेक्शन म्हणून टाकलं. रिजेक्शन वेगळं. त्यात शरीर नवीन किडनीला परकी समजून तिच्यावर हल्ला करतं, ते अडवायलाच टॅक्रो (टॅक्रोलिमस) आणि मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आयुष्यभर घ्यायची असतात. दादाचा जुना आजारच परत आला, तो पण नव्या किडनीत. बायोप्सी, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणी, केल्यावर कळलं, आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) सुरुवातीला साध्या मायक्रोस्कोपखाली फारसं काही दिसतच नाही, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितल्यावर त्या गाळणीच्या पेशींचे पायासारखे बारीक फाटे सपाट झालेले दिसतात.

असं का होतं? तर अनेक वर्षांपासून डॉक्टरांना संशय आहे की असा परत येणाऱ्या आजारात दोष किडनीत नसतो, रक्तात काहीतरी फिरत असतं जे गाळणीच्या पेशी बिघडवतं. हल्ली काही पेशंटच्या रक्तात गाळणीतल्याच नेफ्रिन नावाच्या प्रोटीनविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्यात, सगळ्यांच्यात नाही, पण निदान एक धागा तरी मिळाला. सोसायटीच्या टाकीतच गाळ असेल तर घरात कितीही भारी फिल्टर बसवा, चोंदणारच. आईला हे एका झटक्यात पटलं कारण आमच्या टाकीचा तिला चांगलाच अनुभव आहे.

आणि ज्यांना अजून पटत नसेल त्यांच्यासाठी ही शिकागोची केस, 2012 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलेली. 27 वर्षांच्या एका मुलाला बहिणीने किडनी दिली, एफएसजीएस लगेच परत आला, किडनी बिघडत चालली. डॉक्टरांनी ती 14 व्या दिवशी काढली आणि सगळ्यांच्या परवानगीने 66 वर्षांच्या दुसऱ्या एका पेशंटला बसवली, ज्याची स्वतःची किडनी डायबेटिसमुळे गेली होती. तिथे तीच किडनी सुधारली आणि नीट काम करायला लागली! मी हे वाचून आधी आईला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे त्या बहिणीची पण चांगलीच होती. हो आई. आणि तुझी दुसरी किडनी, त्याच वयाची, तुझ्या पोटात व्यवस्थित चाललीये, तुझे रिपोर्ट तर माझ्यापेक्षा चांगले येतात.

दादाचं आता प्लाझ्मा एक्स्चेंज चालू आहे, म्हणजे मशीनवर रक्तातला प्लाझ्मा काढून त्याजागी अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) वगैरे देतात, सोबत रिटक्सिमॅब हे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी कमी करणारं औषध पण दिलं. अल्ब्युमिनच्या बाटल्यांचं बिल बघून बाबा हल्ली बिल माझ्याकडेच देतात. प्रोटीन कमी झालंय, बंद नाही झालं. काहींचं पूर्ण थांबतं, काहींचं थांबत नाही, डॉक्टर पण शब्द देत नाहीत आणि मला तेच आवडतं त्यांचं.

तुमच्याकडे कोणाचं ट्रान्सप्लांट ठरत असेल तर मूळ आजार काय होता आणि तो परत येऊ शकतो का हे आधीच विचारून घ्या. पॉलिसिस्टिकसारखे (किडनीत पाण्याच्या गाठी होणारे) आजार नव्या किडनीत येत नाहीत, एफएसजीएस साधारण तीनातल्या एकाला येतो, आणि एकदा असा येऊन किडनी गेली की दुसऱ्या ट्रान्सप्लांटला तो परत येण्याचा धोका खूपच वाढतो. आम्हाला हे आधी सांगितलेलं, तरी आईने सही केली, आणि तिला आजही विचारलं तरी करेल. अजून एक, ट्रान्सप्लांटनंतर नुसतं क्रिएटिनिन बघून खूश होऊ नका, ते नॉर्मल असतानाही प्रोटीन गळत असू शकतं. लघवीची प्रोटीन-क्रिएटिनिन रेशोची टेस्ट करायला सांगितली असेल तर ती टाळू नका, सकाळचं सॅम्पल असलं तर उत्तम.