मागची लिफ्ट

हातात पुठ्ठ्याचा खोका होता, एवढाच माझा गुन्हा. ओळखीच्या एका बड्या गृहस्थांची पुस्तकं परत द्यायला गेलो होतो. वॉचमननं खोक्याकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं आणि बोट दाखवलं, "मागच्या लिफ्टनं जा." मी गप्प. बोललो असतो तरी काय, "मी तसला नाही" एवढंच ना?

मागच्या लिफ्टला आरसा नव्हता. भिंतींना रजईसारखं जाड, मळकं कापड ठोकलेलं. आत बादली घेतलेल्या एक बाई होत्या.

"कितवा?"

"बाविसावा."

"साहेबांकडं? नवीन लागलात वाटतं."

मी "हो" म्हणून टाकलं.

आई शिवणकाम करायची. शिवलेले पडदे द्यायला तिच्याबरोबर एका बंगल्यावर जायचो, अर्थात मागच्या दारानं. बंगल्यातल्या बाई वाईट नव्हत्या हो, उलट फार गोड बोलायच्या. "बसा हं, आलेच!" आलेच म्हणजे पाऊण तास. आई पायरीवर बसून पडद्यांचे सुटलेले दोरे दातांनी तोडत राहायची. तोडायला एकही दोरा उरला नाही, तरी शोधायची.

लिफ्ट नव्हती तेव्हा पॅरिसमधले श्रीमंत खालच्या मजल्यांवर राहायचे आणि नोकरमाणसं पाच-सहा जिने चढून थेट छपराखाली. १८५७ साली न्यूयॉर्कच्या एका दुकानात ओटिस नावाच्या संशोधकानं माणसांची लिफ्ट बसवली. पुढे जगभर लिफ्ट आल्या, तसे साहेब वर गेले. नोकरांचा वेगळा जिना मात्र राहिलाच, त्याला फक्त बटणं आली.

लिफ्ट उघडली ती थेट स्वयंपाकघराच्या दाराशी.

"अहो, इकडून कसे?" साहेब मनापासून ओशाळले. कानात इअरफोन होता. "बसा, कॉल चालू आहे. आलोच!"

श्रीमंतांच्या दिखाऊ रिकामपणाबद्दल व्हेब्लेन नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १८९९ मध्ये लिहिलं होतं. आता ऐट वेळ नसण्याची. थांबणारे मात्र तेच. साहेब खरंच राबत असतील, मी नाही म्हणत नाही. पण त्या बादलीवाल्या बाईंना "वेळच नाही हो" असं म्हणून मिरवताना कोणी पाहिलंय?

अर्ध्या तासानं लक्षात आलं, खोक्याची चिकटपट्टी मी नखानं खरवडून खरवडून पार काढली होती.

परतताना हात रिकामे. साहेबांनी स्वतः पुढच्या लिफ्टपर्यंत सोडलं. आत आरसा होता, भांग नीट केला. खाली त्याच वॉचमननं सलाम ठोकला.

मीही मान हलवली. जरा जास्तच ऐटीत.